गुळाचा गिलावा

सिमेंटच्या मालात गूळ टाकायचं कुणी नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं सणकतं. परवा आमच्या गल्लीत एकाच्या गच्चीचं काम चालू होतं. घरचा म्हातारा खुर्ची टाकून बसलेला, आणि गवंड्याला सांगून राहिला, "थोडं गुळाचं पाणी टाक बाबा, जुने लोक टाकायचे, थेंब गळत न्हाई." मी भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि बाहेर जाऊन त्या म्हाताऱ्याला असं काही सुनावलं की माझी सून दाराआडून बघतच राहिली. म्हातारा मला म्हणतो, बाई, तुमाला गुळाचं एवढं वावडं काहून? काहून ते उन्हात उभं राहून त्याला कुठं सांगत बसू. इथं सांगते.

माझं माहेर जवळा बाजारच्या अलीकडं, माळावरच्या वस्तीत. घरी मेंढरं, शेळ्या आणि पावसावरची थोडी जमीन, तीत कापूस आणि ज्वारी. पाऊसकाळात जवळून ओढा वाहायचा, तोवर कसली तकलीफ नव्हती. दिवाळी झाली की ओढा आटायचा आणि मग पाणी म्हणजे खालच्या मळ्यातली विहीर. जाताना उतार, येताना चढ. म्हणजे रिकामी घागर घेऊन उतरायचं आणि भरलेली घेऊन चढायचं. तिथं घर बांधायचं ज्यानं कुणी ठरवलं, त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या द्यायची. तो माझ्या आज्याचा बाप होता, पण मी द्यायची.

आधी ते पाणी माय आणायची. धाकटा भाऊ झाल्यावर मायला अंग बाहेर येण्याचा त्रास सुरू झाला. वसमतच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, बिलकुल नाही. आता घरात आजा होता, बा होता, चुलता होता. आजाही तेव्हा काठीशिवाय चालायचा. पण पुरुषानं पाण्याची घागर डोक्यावर घेतली तर काय आभाळ कोसळणार होतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. घागर आली माझ्या डोक्यावर. मी सातवी पास झाले होते, चांगल्या मार्कांनी झाले होते, आणि आठवीची शाळा जवळा बाजारला होती. मला जायचं होतं. गणित मला आवडायचं, आणि तिथल्या शाळेत प्रयोगाची खोली आहे असं ऐकलं होतं, ती मला बघायची होती.

बा म्हणाला, "पाण्याचं कोण बघंल? टाकी होऊ दे. टाकी झाली की तू आठवीला."

टाकीचं असं होतं. आमच्या एका सोयऱ्याकडं बैलगाडीवर बसणारं लोखंडी टाकं होतं. ते आठवड्यातून एकदा आम्हाला मिळायचं. त्या एका दिवसात चार खेपा करून पाणी आणता आलं असतं, पण आणून ओतायचं कशात? घरात चार घागरी, दोन रांजण आणि मेंढरांची दगडी कुंडी. म्हणून घराच्या बाजूला दगडाची टाकी बांधायची, आठ दिवसांचं पाणी एकदाच भरून ठेवायचं, आणि मी शाळेत जायचं. साधी गोष्ट होती. टाकीनं पाणी धरायचं, बस्स. माझी आठवी त्या टाकीच्या भिंतीत होती, आणि भिंत बांधणार होते आमच्या घरचे पुरुष.

मी सातवी झाले त्याच उन्हाळ्यात काम काढलं. जवळा बाजारचा एक गवंडी आणला. दगडाचं बांधकाम बरं झालं, छातीइतकी उंच चौकोनी टाकी उभी राहिली. आतून गिलावा करायची वेळ आली, आणि आज्यानं खाट टाकीजवळ ओढून घेतली.

आज्यानं लहानपणी चुन्याची घाणी बघितली होती. निजामाच्या राज्यात कुठल्याशा मठाचा हौद बांधत होते, तिथं त्याचा बाप मजुरीला होता. गोल चरात दगडी चाक, त्याला बैल, आणि चरात चुना, वाळू, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ आणि गुळाचं पाणी. तो हौद म्हणे अजून पाणी धरतो. हे आम्ही हजारदा ऐकलं होतं. धरत असेल, माझं काही म्हणणं नाही. पण तो चुना होता. इथं समोर सिमेंटची पोती पडली होती, आणि आजा म्हणाला, "गुळाबिगर पाणी धरत न्हाई. माल कोणताबी असू दे."

बा त्याच्या बापापुढं कधी बोलला नाही. चुलता म्हणाला, "म्हातारा सांगतो तर टाकू, गूळ काय वाईट असतो का." गवंड्यानं मान हलवली, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे कुणी बघितलं नाही. गुळाच्या दोन ढेपा घरात होत्या, वर्षाच्या चहाच्या. त्या मला फोडायला लावल्या. मी वरवंट्यानं फोडल्या, काहिलीत पाण्यात विरघळवल्या, आणि ते तांबडं पाणी घागरीनं नेऊन मालात ओतलं. माल मस्त झाला, थापीवरून लोण्यासारखा सुटायचा. आजा खाटेवरून म्हणाला, बघा, जुनं ते जुनं.

गिलावा झाल्यावर पाणी मारायचं काम कुणाचं? माझंच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, सिमेंटचं काम झालं की ते दिवसच्या दिवस ओलं ठेवावं लागतं, तेव्हा ते घट्ट होतं. म्हणजे उन्हाळ्याच्या भर उन्हात, घरचं पाणी आणून झालं की पुन्हा उतरायचं आणि त्या भिंतींसाठी पाणी आणायचं. पाणी आणायला लागू नये म्हणून टाकी, आणि टाकी व्हावी म्हणून आणखी पाणी. बैल तेव्हा लिंबाखाली बसून रवंथ करत होते. मी एकदा चुलत्याला म्हटलं, काका, एक खेप गाडीनं आणा ना. तर म्हणाला, बैलांना पेरणीपर्यंत आराम पाहिजे.

मी पाणी मारलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बारदान भिजवून भिंतीला लावलं, ते वाळू दिलं नाही. माझ्या टाळूवरचे केस गेले त्या उन्हाळ्यात, चुंबळीखालची जागा गुळगुळीत झाली. आणि भिंत काही घट्ट होईना. बोट दाबलं की बोट उमटायचं. आधी मला वाटलं, नवी आहे. मग मुंग्या लागल्या. तांबड्या मुंग्यांची रांग टाकीच्या कडेवरून आत उतरायची. एका सकाळी बघते तर दोन शेळ्या पुढचे पाय टाकीच्या काठावर ठेवून आतली भिंत चाटून राहिल्या. मी हसले. तेवढंच एक त्या सगळ्यात हसण्यासारखं होतं.

सोयऱ्याचं टाकं आलं, चार खेपा पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पाणी तांबूस झालं, आंबूस वास मारायला लागलं, आणि गिलावा भिंतीवरून चिखलासारखा सुटून तळाशी बसला. दगडांच्या फटीतून पाणी बाहेर आलं आणि मेंढरांच्या वाड्यात शिरलं.

सगळे टाकीभोवती जमले. वस्तीवरची आणखी दोन घरं आली. मी वाट बघत होते, कुणीतरी गुळाचं बोलेल. आजा भिंतीचा लगदा बोटांत चोळून म्हणाला, "पाणी कमी पडलं ह्याला. पोरीनं पाणी बराबर मारलं न्हाई."

मी म्हणाले, मारलं की, रोज तीनदा मारलं, मायला विचारा. तर आज्याला उलट बोलते म्हणून बानं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत ठेवून दिली. गवंडी तिथंच उभा होता. हातात थापी धरून पायाकडं बघत होता. झालं, खापर माझ्या डोक्यावर फुटलं. जून लागला, माझ्यासोबतच्या पोरी आठवीला गेल्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, तू पाणी मारायचं सोडून झोपायचीस व्हय? वस्तीवरून गावात, गावातून शाळेत, इतक्या लांब गेली होती ती गोष्ट.

ते वर्ष मी विहिरीवर काढलं. पाऊस, पेरणी, मग कापसाची वेचणी, मग ज्वारीची काढणी. सुगी संपल्याशिवाय ना गवंडी मोकळा ना घरचे. पुन्हा उन्हाळा आला तेव्हा बानं टाकीचं पुन्हा मनावर घेतलं. बाजाराच्या दिवशी मला घेऊन जवळा बाजारला गेला, सामान उचलायला. सिमेंटच्या दुकानात त्यानं विचारलं, टाकी गळून राहिली, काही औषध आहे का. दुकानदारानं विचारलं, मागच्या बारीला काय घातलं होतं मालात. बानं सांगितलं, गूळ.

दुकानदार हसत सुटला. म्हणाला, "अहो, गुळानं चुना धरतो. सिमेंट मरतं. साखर असो, गूळ असो, मळी असो, सिमेंटमध्ये पडली की ते घट्टच होत नाही. वरून कितीबी पाणी मारा." आणि मग म्हणाला, "तुमचा गवंडी मला तेव्हाच म्हणत होता, म्हातारा गूळ टाकायला लावून राहिला, गिलावा राहणार नाही. म्हटलं, मग सांगत का नाहीस? तर म्हणे, मोठ्या माणसाच्या तोंडी कोण लागंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे त्याला माहीत होतं. मी चढ चढून घागरी आणून त्या मेलेल्या भिंतीवर ओतत होते, तेव्हा तो गवंडी समोर बसून विडी ओढत होता आणि त्याला माहीत होतं. थोबाडीत बसली तेव्हाही माहीत होतं. मूग गिळून उभा राहिला. म्हाताऱ्याचा मान राहावा म्हणून. आणि माझं काय राहिलं, ते कुणी विचारायचं?

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता काही बोलेल. निदान एवढं तरी, की पोरी, तुझी चूक नव्हती. बा दुकानातून बाहेर आला आणि मला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली. तो कधी हॉटेलात नेत नसे. मला त्याचा अर्थ कळला, न कळायला काय झालं. पण मला भजी नको होती. मला ते शब्द पाहिजे होते, आणि ते वस्तीवरच्या सगळ्यांसमोर पाहिजे होते, जशी थोबाडीत सगळ्यांसमोर बसली होती. मी भजी खाल्ली नाही. बानं ती कागदात बांधून भावासाठी घेतली.

दुकानदारानं वॉटरप्रूफचा एक डबा दिला होता. पातळ, तपकिरी, जरा वास मारणारं. त्यानं झाकण दाखवून सांगितलं, एका पोत्याला ह्या झाकणानं इतकंच, आणि ते आधी पाण्यात मिसळायचं, मग ते पाणी मालात. डब्यावरही तेच लिहिलं होतं, हिंदीतून. मी येताना गाडीत बसून सगळं वाचून काढलं. वाचायला तेवढं एकच मिळालं होतं मला वर्षभरात.

आता चुलत्याची पाळी. आमच्या घरी कापसावर फवारणी चुलता करायचा. आणि आमच्याकडं सगळ्या शिवारात फवारणीची एकच रीत, बाटलीवर लिहिलं असेल त्याच्या दुप्पट. लिहिलेल्या मापानं अळी मरते यावर कुणाचाच विश्वास नव्हता. चुलत्यानं डबा हातात घेतला, झाकण बघितलं आणि म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय? ही टाकी हाय, देवाचं तीर्थ न्हाई." मी पुढं झाले. म्हटलं, काका, डब्यावर लिहिलंय, जास्त टाकू नये. त्याला मी वाचून दाखवायला लागले.

तो म्हणाला, "तू आता शाळेत न्हाईस. वाचून दाखवायचं बंद कर."

हे वाक्य मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. ज्या टाकीपायी मला शाळेतून काढलं, तिच्याच डब्यावरचं वाचलं म्हणून मला हे ऐकवलं. त्यानं अख्खा डबा ओतला. उरलंय कशाला ठेवायचं म्हणून तळ पाण्यानं विसळून तेही ओतलं. माल फेसाळला, साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे यायला लागले. तोच गवंडी होता. फेसाकडं बघून ह्याही वेळी तो गप्प. माल हलका झाला, हाताला सोपा लागला, त्याचं काम लवकर उरकलं. त्याला बरंच झालं.

मी पुन्हा पाणी मारलं. काय करणार? मनात एक वेडी आशा होती, की गूळ तर नाही ना ह्याच्यात, मग धरेल. ह्या वेळी मी मुद्दाम दिवसाउजेडी, सगळे बघत असताना पाणी मारायची, आणि मारून झालं की मोठ्यानं सांगायची, मारलं बरं का. घट्ट झाला गिलावा, उशिरा पण झाला. पण नखानं खरवडला की भुगा निघायचा. भिंतीला जवळून बघितलं की बारीक बारीक भोकं, अनारशाला असतात तशी. पाणी भरलं आणि भिंत बाहेरून ओली झाली. धार कुठंच नाही, सगळी भिंतच घाम यावा तशी पाझरायची. दोन दिवसांत टाकी अर्धी.

ह्या वेळी खापर कंपनीवर फुटलं, डबा बोगस निघाला म्हणून. नंतर कुणीतरी म्हणालं, नजर लागली, तर आज्यानं टाकीला काळी बाहुली बांधली. चुलत्याचं नाव कुणी घेतलं नाही. बा माझ्याकडं बघायचं टाळायचा. आणखी एक जून गेला. माय एका दुपारी मला म्हणाली, तुझ्या बाला मी सांगते, मी आणते पाणी, तू जा शाळेत. मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, मर तिकडं विहिरीवर, आणि मग मी काय करू? ती रडली. मला तिच्यावर राग नव्हता, पण ज्यांच्यावर होता त्यांच्यावर काढायची सोय नव्हती.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी काय केलं ते आता सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी सांगत नाही. बानं डबा आणला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. चुलता म्हणाला, आण इकडं. मी म्हणाले, "काका, ह्या डब्याला तुमी हात लावला तर मी पाणी आणणार न्हाई. टाकीचं न्हाई, घरचं न्हाई, मेंढरांचंबी न्हाई. मारायचं तर मारा."

कुणी मारलं नाही. तीनही पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं असेल, की ह्या घरात पाणी कुठून येतं. आजा म्हणाला, करू दे तिला काय करायचं ते, बिघडलं तर तिच्यावर. मी म्हटलं, बिघडलं तेव्हा माझ्यावरच आलं होतं की.

जुना गिलावा सगळा छिन्नीनं काढायला लावला, दगड उघडे पडेपर्यंत. गवंडी म्हणाला, वरून एक हात देऊ, चालतंय. मी म्हणाले, मामा, तुमी दोनदा गप बसलात, आता तिसऱ्यांदाबी गप बसा आणि काढा. तो हिरमुसला, पण काढला. भुगा मीच घमेल्यानं वाहून बाहेर टाकला, भिंती धुऊन घेतल्या. वाळू चाळून घेतली, तिच्यात मातीचा खडा राहू दिला नाही. प्रत्येक पोत्याला झाकण मी भरलं, डोळ्यासमोर धरून, रेघेपर्यंत, आणि पाण्यात ओतून काठीनं ढवळलं. आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल करून घेतले, दुकानदारानं तसं बाला सांगितलं होतं आणि बा ते विसरला होता, मी विसरले नव्हते. दोन हात दिले गिलाव्याचे. मग बारदान, आणि पाणी. ह्या वेळी बैलगाडी जुंपली गेली. मागितली नव्हती, चुलत्यानं आपणहून जुंपली. त्याचं मला कौतुक वाटायला पाहिजे होतं, पण मला आणखीच राग आला. म्हणजे जुंपता येत होती.

टाकी भरली. मी पाण्याच्या रेषेवर कोळशानं खूण केली. सकाळी उठून बघितलं, पाणी खुणेला लागलेलं. दुसऱ्या सकाळी बोटभर खाली, ते तर मायनं रांजणात काढलं होतं. भिंत बाहेरून कोरडी, हात फिरवला तर उन्हानं तापलेली. वस्तीवरचे लोक बघायला आले. आजा त्यांना सांगायचा, आमी टाकी बांधली. चुलता सांगायचा, औषधाचं माप बराबर लागतं, कमी-जास्त चालत न्हाई. मी चुलीजवळ बसून ऐकायची आणि भाकरी थापायची.

मे महिना होता. शाळा उघडायला वेळ होता. मी आठवीत बसले असते तर सोबतची पोरं माझ्या खांद्याला लागली असती, मला त्याची लाज वाटणार नव्हती. बाला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, बघू.

मग आखाडा बाळापूरकडून पाहुणे आले. मला वाटलं मेंढरं बघायला आले असतील, आमच्याकडं गिऱ्हाईक यायचंच. मायनं मला लुगडं नेसायला सांगितलं तेव्हा कळलं. मुलाचा बाप टाकीभोवती एक चक्कर मारून आला, भिंतीवर बोटांनी ठोकून बघितलं, आणि ओट्यावर बसल्यावर मला नाव विचारलं नाही, कितवी शिकली विचारलं नाही. बाला म्हणाला, "आमच्याकडं उन्हाळ्यात लांबून आणावं लागतं. पोरीला पाण्याची सवय हाय का?"

आणि माझा बा, ज्याच्या तोंडून तीन वर्षांत माझ्यासाठी एक चांगला शब्द निघाला नव्हता, तो उठून उभा राहिला. त्यानं टाकीकडं हात केला आणि बोलायला लागला. "अवो, सवय काय विचारता? ही सगळी टाकी तिच्या पाण्यावर उभी हाय. रोज तीनदा पाणी मारायची. एक दिवस चुकली न्हाई. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर, आणि चढ तुमी आत्ता चढून आलातच. गिलावा पडला तो आमच्या गुळानं पडला, पोरीच्या पाण्यात खोट नव्हती." आजा खाटेवर होता, तोही म्हणाला, व्हय, पाण्यात खोट नव्हती.

जे शब्द मी तीन उन्हाळे मागत होते ते सगळे त्या दिवशी बोलले गेले. सगळ्यांसमोर बोलले गेले. मुलाच्या बापानं खिशातून सुपारी काढली.

पाहुणे गेल्यावर बा टाकीजवळ हातपाय धुवायला गेला. मी त्याच्या मागं गेले. म्हटलं, बा, टाकी झाली की तू आठवीला, असं तूच म्हणला होतास. टाकी झाली. पाणी धरून राहिली. मग आता मला तिकडं काहून धाडून राहिलास?

त्याला खरंच नवल वाटलं. ओला हात धोतराला पुसत, लहान लेकराला समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "त्यांच्याकडं टाकी न्हाई ना पोरी. म्हणून तर त्यांनी तुला मागितली."